स्तनाच्या कर्करोगाचा बायोमार्कर रिपोर्ट कसा वाचायचा : पहिल्यांदाच फाइल हातात घेणाऱ्यांसाठी

घरात कुणाला स्तनाचा कर्करोग निघाला की फाइल सांभाळण्याचं काम आपोआप एकाकडे येतं. कधी मुलगा, कधी सून, कधी धाकटी बहीण. त्या फाइलमध्ये सोनोग्राफी, मॅमोग्राम, रक्ताचे रिपोर्ट असतात आणि एका कागदावर ईआर, पीआर, हर-२, केआय-६७ अशी अक्षरं आणि पुढे आकडे छापलेले असतात. हाच बायोमार्कर रिपोर्ट, म्हणजे औषध निवडायला उपयोगी पडणाऱ्या गाठीतल्या खुणांची नोंद. पुढची पाच-दहा वर्षं कोणती औषधं घ्यायची हे बरंचसं त्या कागदावर ठरतं. मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे येणारे नातेवाईक सीटी स्कॅनची फिल्म जिवापाड जपतात आणि हा कागद मात्र चार घड्या घालून खिशात ठेवतात. म्हणून हे लिहिते आहे. औषध ठरवायचं काम डॉक्टरांचंच. पण कुठला आकडा अर्धवट आहे, काय विचारायचं आणि कुठल्या महागड्या तपासणीची गरज नाही, एवढं तुम्हाला कळायलाच हवं.

पायरी १ : तुकडा कसा काढला आणि कशात ठेवला, ते आधी बघा

रिपोर्ट वाचायच्या आधीची ही पायरी आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

गाठ लागली की "काढूनच टाकू, मग तपासायला पाठवू" असं अजूनही अनेक ठिकाणी सांगितलं जातं. त्याला लगेच होकार देऊ नका. आधी ट्रू-कट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचे दोऱ्यासारखे चार-सहा तुकडे काढायचे. बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या एफएनएसीवर पेशी कर्करोगाच्या आहेत का हे कळू शकतं, पण रिसेप्टरच्या (ईआर, पीआर, हर-२ च्या) तपासण्यांसाठी ट्रू-कटचाच तुकडा हवा. शिवाय हर-२ पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) गाठ दोन सेंटिमीटरच्या वर असेल किंवा काखेतल्या गाठींत (म्हणजे लिम्फ नोड्समध्ये) पसरली असेल, तर बहुतेक वेळा केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असा क्रम ठेवतात. गाठ आधीच काढून टाकली तर औषधाला ती किती दाद देते हे बघण्याची संधी हातची जाते, आणि पुढचं औषध निवडताना नेमकी तीच माहिती लागते.

तुकडा निघाल्यावर तो एका तासाच्या आत फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या साधारण दहापट, आणि त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. डबी सलाइनची असेल किंवा कोरडी असेल तर पेशीतली प्रथिनं आणि आरएनए (त्याबद्दल पायरी ६ मध्ये) खराब होत जातात आणि पॉझिटिव्ह असलेली गाठ निगेटिव्ह दिसू शकते. ऑपरेशननंतर अख्खा स्तन डबीत बुडवून ठेवला तरी फॉर्मेलिन आत झिरपायला वेळ लागतो. गाठीला काप देऊन ठेवावं लागतं. लहान गावातल्या नर्सिंग होममधून नमुना एसटीने किंवा कुरिअरने मोठ्या शहरात पाठवायचा असेल, तर तुम्ही स्वतः विचारा : फॉर्मेलिनच आहे ना, भरपूर आहे ना, डबीवर काढल्याची वेळ लिहिली आहे ना. हे विचारल्याचा राग आला तरी चालेल. इथे झालेली हेळसांड नंतर कुठलीही महागडी मशीन दुरुस्त करू शकत नाही.

पायरी २ : ईआर आणि पीआर, नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वाचून थांबू नका

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. रिसेप्टर म्हणजे त्या हार्मोनचा संदेश पकडणारं प्रथिन. हे पेशीच्या केंद्रकात असतात. तपासणीचं नाव आयएचसी : स्लाइडवर त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात आणि ज्या केंद्रकात प्रथिन आहे ते तपकिरी दिसतं. पॅथॉलॉजिस्ट दोन गोष्टी मोजतात. किती टक्के पेशी रंगल्या आणि रंग किती गडद आहे.

१ टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तर पॉझिटिव्ह. पण १ ते १० टक्क्यांच्या मधली गाठ "ईआर लो पॉझिटिव्ह" म्हणून वेगळी सांगायची असते, कारण ती बऱ्याचदा ट्रिपल निगेटिव्हसारखी वागते. म्हणून कागदावर फक्त "ईआर पॉझिटिव्ह" एवढंच असेल तर परत जा आणि टक्केवारी लिहून घ्या. ३ टक्के आणि ९५ टक्के या दोन्हींना पॉझिटिव्हच म्हणतात, पण दोन्ही बायकांचे उपचार वेगळे होऊ शकतात.

आपल्याकडे बऱ्याच रिपोर्टवर ऑलरेड स्कोअर असतो. तो दोन आकड्यांची बेरीज आहे. किती पेशी रंगल्या याचे ० ते ५ गुण आणि रंगाच्या गडदपणाचे ० ते ३ गुण, एकूण ८ पैकी. दोन तृतीयांशाहून जास्त पेशी गडद रंगल्या तर ५ अधिक ३, म्हणजे ८. बेरीज ३ किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात.

ईआर निगेटिव्ह आला तर एक ओळ शोधा : इंटर्नल कंट्रोल. त्याच तुकड्यात शेजारी स्तनाच्या निरोगी नलिका असतात आणि त्यांच्या काही पेशी रंगायलाच हव्यात. त्या रंगल्या आणि गाठ रंगली नाही, तर निकालावर विश्वास ठेवता येतो. त्याही रंगल्या नसतील तर तपासणीच बिनसली आहे. तसंच गाठ ग्रेड १ ची (निरोगी पेशींसारख्याच दिसणाऱ्या पेशींची) असेल, किंवा ट्युब्युलर, म्युसिनस, लोब्युलर असा प्रकार लिहिला असेल आणि ईआर निगेटिव्ह असेल, तर हे दोन क्वचितच एकत्र येतात. दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) पुन्हा तपासा, असा आग्रह धरा.

ईआर पॉझिटिव्ह निघणं ही औषधाच्या दृष्टीने चांगली बातमी. गाठ इस्ट्रोजेनवर वाढते आहे, तेव्हा टॅमोक्सिफेन, किंवा पाळी गेलेल्या बाईला लेट्रोझोल-अनास्ट्रोझोलसारखी गोळी देऊन तो पुरवठा तोडता येतो. गोळी पाच ते दहा वर्षं चालते.

पायरी ३ : हर-२, आणि २+ वर अडकलेला कागद

सतराव्या गुणसूत्रावर ईआरबीबी२ नावाचं जनुक आहे. त्याच्या दोन प्रती असायच्या तिथे काही गाठींमध्ये दहा-वीस होतात आणि पेशीच्या आवरणावर हर-२ प्रथिनाची दाटी होते. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्या गाठीत या प्रती वाढलेल्या असतात त्यांचा आजार जास्त आक्रमक असतो; १९९८ मध्ये याच प्रथिनाला अडवणारं ट्रास्टुझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं. एकेकाळी ज्या निकालाची धास्ती होती त्यावर आज नेमकं औषध आहे. आता भारतातच त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच औषधं, तयार होतात, त्यामुळे किंमतही पूर्वीपेक्षा खूप खाली आली आहे.

रिपोर्टवर ०, १+, २+, ३+ यांपैकी एक लिहिलेलं असतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे ठरवता आलेलं नाही, आणि तिथे फिश, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी, करायलाच हवी. पैसे वाचवण्यासाठी किंवा कुणी सांगितलंच नाही म्हणून २+ वर थांबलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. २+ पैकी काही गाठी फिशवर पॉझिटिव्ह निघतात. फिश न करणं म्हणजे त्या बाईला हक्काच्या औषधापासून दूर ठेवणं.

फिशमध्ये चमकणारे ठिपके मोजतात. दोन आकडे बघा : हर-२ आणि सतराव्या गुणसूत्राच्या मध्याचं गुणोत्तर, आणि प्रत्येक पेशीतल्या हर-२ प्रतींची सरासरी. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि सरासरी ४ किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील, उदाहरणार्थ गुणोत्तर २ च्या खाली पण प्रती ६ च्या वर, तर आयएचसीची स्लाइड शेजारी ठेवून पुन्हा बघावं लागतं.

२०२२ पासून एक नवा शब्द कानावर येतो, हर-२ लो. १+ असलेल्या किंवा २+ असून फिश निगेटिव्ह आलेल्या गाठी म्हणजे हर-२ लो. आजार शरीरात इतरत्र पसरलेला असेल तर अशा रुग्णांना ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे औषध उपयोगी पडू शकतं, हे त्या वर्षी मोठ्या चाचणीत दिसलं. त्यामुळे आता ० आणि १+ मधला फरकही नोंदवून घ्या. नुसतं "हर-२ निगेटिव्ह" लिहिलेला रिपोर्ट अपुरा आहे.

पायरी ४ : केआय-६७

वाढीच्या चक्रात असलेल्या पेशींचं हे टक्क्यांतलं प्रमाण. ५ टक्के किंवा कमी असेल तर गाठ संथ, ३० टक्के किंवा जास्त असेल तर वेगाने वाढणारी. मधल्या आकड्यांवर फार जीव टांगू नका. तीच स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्टना दिली तर एक १५ म्हणेल, दुसरा २२.

पायरी ५ : चारही आकडे एकत्र मांडा

वहीत एका ओळीत लिहा. समजा, एका ५६ वर्षांच्या बाईचा रिपोर्ट असा आहे : गाठ २.२ सेंटिमीटर, ग्रेड २, काखेतल्या गाठी मोकळ्या, ईआर ९० टक्के गडद, पीआर ४० टक्के मध्यम, हर-२ २+, केआय-६७ १८ टक्के. ईआरचा ऑलरेड ५ अधिक ३, म्हणजे ८. पीआरचा ४ अधिक २, म्हणजे ६. हर-२ लटकलेला, म्हणून फिश. फिश आली : गुणोत्तर १.३, सरासरी प्रती २.९. निगेटिव्ह. आता चित्र पूर्ण झालं : हार्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, काखेत पसरलेली नाही. हार्मोनची गोळी नक्की. प्रश्न एकच उरतो, केमो हवी का? त्याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह. कोविडच्या काळापासून निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं डोक्यात बसलं आहे, त्यामुळे काही नातेवाईक हा रिपोर्ट वाचून पेढे वाटायच्या बेतात असतात. प्रत्यक्षात इथे हार्मोनची गोळी आणि ट्रास्टुझुमॅब दोन्ही चालत नाहीत. केमोवर भर असतो आणि परवडत असेल तर सोबत पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध. घाबरून जाऊ नका, केमोला हा प्रकार अनेकदा चांगली दाद देतो. पण उशीर करू नका. भारतातल्या रुग्णांमध्ये ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं, त्यामुळे इथल्या लॅबला हे निकाल नवीन नाहीत.

पायरी ६ : जीन एक्स्प्रेशनची चाचणी कुणी करायची

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. फरक पडतो तो कुठलं जनुक किती कामाला लागलं आहे याने. गावच्या वाचनालयात पुस्तकं सगळीच असतात, पण कुठलं किती वेळा घरी गेलं हे नोंदवहीवरून कळतं. पेशीत ती नोंद आरएनएमध्ये सापडते. आयएचसी प्रथिन बघते, जीन एक्स्प्रेशनची चाचणी आरएनए मोजते.

२००० साली स्टॅनफर्डच्या चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेच्या संशोधकांसोबत ४२ जणींच्या ६५ नमुन्यांमध्ये ८,१०२ जनुकांची अशी नोंद तपासली. काही जणींचे नमुने केमोच्या आधी आणि नंतर, असे दोनदा घेतले होते. मध्ये कित्येक आठवडे औषध चालू होतं, तरी एकाच बाईचे दोन नमुने बहुतेक वेळा एकमेकांशीच सर्वांत जास्त जुळले, इतर कुणाशी नाही. म्हणजे प्रत्येक गाठीची स्वतःची अशी एक ठेवण असते आणि ती टिकते. मला आजही हा निष्कर्ष थक्क करतो. ल्युमिनल, हर-२ एन्रिच्ड, बेसल-लाइक हे प्रकार तिथूनच आले. ल्युमिनलचे ए आणि बी असे भाग त्यानंतर पडले. २००९ मध्ये ५० जनुकांची पॅम-५० यादी निघाली. आपल्या रिपोर्टवर "ल्युमिनल ए" लिहिलेलं असतं ते बहुधा आयएचसीवरून बांधलेला अंदाज असतो. जनुकांवरून काढलेल्या प्रकाराशी तो प्रत्येक वेळी जुळत नाही.

दवाखान्यात जिचं नाव सगळ्यात जास्त ऐकाल ती ऑन्कोटाइप डीएक्स. २१ जनुकं, त्यातली १६ कर्करोगाशी संबंधित आणि ५ तुलनेसाठी. ऑपरेशनच्या ब्लॉकमधूनच आरएनए काढतात. नवीन सुई टोचावी लागत नाही. निकाल ० ते १०० मध्ये येतो. २०१८ मध्ये या गुणांवर आधारलेल्या टेलरएक्स नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. १०,२७३ बायका, सगळ्या हार्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, काखेतल्या गाठी मोकळ्या. ११ ते २५ गुणांच्या मधल्या गटात निम्म्यांना फक्त गोळी दिली, निम्म्यांना गोळी आणि केमो. नऊ वर्षांनी आजाराशिवाय असणाऱ्यांचं प्रमाण ८३.३ आणि ८४.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखं. वयाच्या पन्नाशीनंतर २५ पर्यंत गुण असतील तर केमोने फायदा होत नाही. पन्नाशीच्या आत मात्र १६ ते २५ गुणांना थोडा फायदा दिसला. त्यातला काही भाग केमोमुळे पाळी थांबल्याने मिळत असावा असं अनेक तज्ज्ञ मानतात. २६ आणि वर सगळ्यांनाच केमो सुचवतात. काखेतल्या एक ते तीन गाठी बाधित असल्या आणि पाळी गेलेली असली, तरी २५ पर्यंत केमो टाळता येते. पाळी चालू असलेल्यांना तिचा फायदा होतो.

वरच्या ५६ वर्षांच्या बाईचे गुण समजा १७ आले. तर केस गळणं, उलट्या, पांढऱ्या पेशी घसरणं, हे काहीच तिच्या वाट्याला येऊ द्यायची गरज नाही. एवढ्यासाठी ही चाचणी आहे.

नेदरलँड्समध्ये तयार झालेली ७० जनुकांची मॅमाप्रिंट हाही एक पर्याय. ऑन्कोटाइपचा नमुना अमेरिकेत जातो आणि खर्च लाखांत जातो, म्हणून आपल्याकडे बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची कॅनअसिस्ट ब्रेस्टही वापरतात. ही आरएनए मोजत नाही. पाच प्रथिनांची आयएचसी, आणि गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या गाठी यांचा संगणकाने केलेला मेळ असतो. खर्च त्या मानाने कमी. तिच्यामागे ऑन्कोटाइपएवढ्या मोठ्या चाचण्यांचं पाठबळ नाही, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्या.

आणि चाचणी कुणी करू नये? हर-२ पॉझिटिव्ह असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, काखेतल्या चार किंवा जास्त गाठी बाधित असतील, आजार इतरत्र पसरला असेल, तर नको. प्रकृतीमुळे केमो देताच येणार नसेल, किंवा निकाल काहीही आला तरी घरच्यांनी केमो घ्यायचंच ठरवलं असेल, तरीही नको. दागिने मोडून ही चाचणी करण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा : निकालाने तुमचा निर्णय बदलणार आहे का? उत्तर नाही असेल तर पैसे गोळ्यांसाठी ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर कुठली तपासणी योजनेत बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

पायरी ७ : बीआरसीए ही वेगळी गोष्ट आहे

वरच्या सगळ्या तपासण्या गाठीच्या. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांसाठी रक्त किंवा लाळ घेतात, कारण इथे जन्मापासून असलेला बदल शोधायचा असतो. आजार पन्नाशीच्या आत झाला असेल, गाठ ट्रिपल निगेटिव्ह असेल, घरात कुणाला बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, किंवा रुग्ण पुरुष असेल तर ही चाचणी करायला हवी. कुटुंबाची माहिती विचारली की सगळे मावशीचं सांगतात, आत्याचं विसरतात. बदल वडिलांकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के असते. चाचणीच्या आधी आणि नंतर जेनेटिक काउन्सेलरशी बोला, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुली घरात असतील तर; ही माहिती कुणाला, कधी सांगायची हे ठरवायला त्यांची मदत होते. बदल सापडला तर काही रुग्णांना ओलापॅरिबसारखं औषधही चालतं.

सीए १५-३ ही रक्ताची तपासणी वरच्या कशाचीच जागा घेत नाही. निदान तिच्यावरून होत नाही, आणि त्रास नसताना दर दोन महिन्यांनी ती करून आकडा वर-खाली झाला की रात्रभर जागायचं, यातून काही साधत नाही.

पायरी ८ : ब्लॉक ताब्यात ठेवा

मेणात बसवलेला तो नखाएवढ्या आकाराचा तुकडा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, तो तुमचा आहे. टाटा मेमोरियलला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात मत घ्यायला जाताना नुसता कागद पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइड मागतात. लॅबमध्ये अर्ज करा, पावती घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टच्या नंबरशी ताडून बघा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ होतं. परत आल्यावर जपून ठेवा. काही वर्षांनी एखादं नवं औषध आलं तर त्याची तपासणी याच ब्लॉकवर होऊ शकते.

आजार परत आला, यकृतात किंवा हाडात गाठ दिसली, तर जुन्याच रिपोर्टवर औषध सुरू करण्याआधी नवी बायोप्सी करता येईल का हे विचारा. ईआर आणि हर-२ मधल्या काळात बदललेले असू शकतात. तुकडा हाडातून घेतला असेल तर लॅबला आधीच कळवा की यावर रिसेप्टर बघायचे आहेत. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की प्रथिनं आणि डीएनए दोन्ही बिघडतात. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरलं तर वेळ जास्त लागतो, पण नमुना तपासण्याजोगा राहतो.